गाभ्यात जागा नाही

‘चौथरा’ या सॉफ्टवेअर फ्रेमवर्कचा गाभा म्हणजे अच्युत वाटेगावकर नावाचे एक गृहस्थ होते आणि ते साताऱ्यात, शाहूपुरीतल्या एका बैठ्या घरात राहत असत. फ्रेमवर्क म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी घाबरून जायचं कारण नाही. आधी चौथरा घालतात, मग त्यावर कोणी दुकान काढतं, कोणी दवाखाना, तसंच हे. दूध संघ, इस्पितळं, वाचनालयं, मंगल कार्यालयं अशा सगळ्यांची सॉफ्टवेअरं या चौथऱ्यावर उभी होती आणि चौथरा उभा होता अच्युतरावांवर.

अच्युतरावांना कामं तीनच. आलेलं घ्यायचं, कोणाचं ते बघायचं, ज्याचं त्याला द्यायचं. फलटणला कोणी मोबाइलवर बोट टेकवलं की ते आधी अच्युतरावांकडे यायचं आणि तिथून पुढं जायचं. याचा त्यांना काडीचा त्रास नव्हता. आपण श्वास घेतो तसं त्यांचं चालायचं. दाढी करताना, जेवताना, शेजारच्यांशी क्रिकेटवर वाद घालताना त्यांचे ओठ किंचित हलत. ‘घेतलं, बघितलं, दिलं.’ नव्या माणसाला वाटायचं, गृहस्थ मनातल्या मनात जप करताहेत.

बाकीची कामं करायला पूरक होते. पूरक म्हणजे घराच्या मागच्या व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसणारी माणसं. तारखांचं काम लेलेबाईंकडे, नकाशांचं एका निवृत्त तलाठ्याकडे, असं वाटून दिलेलं होतं. ज्याला तारीख लागेल त्यानं लेलेबाईंना जोडून घ्यावं, ज्याला नको त्यानं घेऊ नये. इतकी साधी व्यवस्था. पण लोकांना व्हरांड्यापर्यंत जायचा कंटाळा. प्रत्येकाला वाटायचं, आपल्याला लागणारी तेवढी एक गोष्ट आतच असावी, खुद्द अच्युतरावांत.

आणि अडचण अशी की अच्युतरावांना नाही म्हणता येत नसे. जन्मात कधी आलं नव्हतं. भाजीवाल्यानं नको असलेला मुळा पिशवीत टाकला तरी ते मुकाट घरी आणत. गाभ्यात काही घालायचं तर खुद्द गाभ्यानं हो म्हणायला हवं असा नियम होता, म्हणजे तसं बघितलं तर दार सताड उघडंच. ते बंद ठेवलं होतं त्यांच्या बायकोनं, शैलजाबाईंनी. कोणी काही मागितलं की अच्युतराव आधी बायकोकडे बघायचे. ती मान हलवायची. मग ते समोरच्याला अगदी ओशाळून सांगायचे, "ही नाही म्हणतेय." बायकोच नाही म्हणतेय म्हटल्यावर पुढं कोण काय बोलणार. माणसं चपला घालून निघून जायची.

शैलजाबाई हे हौसेनं करत नव्हत्या. माणसाच्या डोक्यात जागा असून असून किती असणार. एक गोष्ट नव्यानं आत गेली की आतली एक बाहेर पडते, आणि कोणती पडेल ते आपल्या हातात नसतं. हे त्यांना आधी माहीत नव्हतं. त्या एकदा तापानं पडून होत्या तेव्हा चौथरा चालवणाऱ्या कंपनीचे हर्डीकर साहेब आले आणि तारखा तेवढ्या आत घालून गेले. सगळ्यांनाच लागतात, रोज लागतात, लेलेबाईंपर्यंत जाण्यात वेळ जातो, असं त्यांचं म्हणणं. अच्युतरावांनी सवयीनं आतल्या खोलीकडे बघितलं, तिथून उत्तर आलं नाही, म्हणून हो म्हटलं.

पुढं महिन्याभरानं दोघं माहुलीला नदीवर गेली. अच्युतराव लहानपणापासूनचे पट्टीचे पोहणारे. त्या दिवशी पायरीवर उभे राहून पाण्यातल्या पोरांकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "शैला, ही मुलं वर कशी काय राहतात गं?"

दुसऱ्याच दिवशी शैलजाबाई कंपनीत गेल्या आणि हर्डीकर साहेबांना म्हणाल्या, "तारखा काढा. पोहणं परत द्या."

हर्डीकर भला माणूस. त्यांनी पाणी दिलं, पंखा वाढवला. "वहिनी, घातलेलं काढता येत नाही," ते म्हणाले. "आता पाचशे ठिकाणी लोक त्या तारखांवर विसंबून आहेत. आज काढल्या तर उद्या इस्पितळात ऑपरेशनं कोणत्या दिवशी करायची ते कळणार नाही. घालण्याआधी काय ते बोलायचं असतं."

"मी तापात होते."

"ते आहेच," हर्डीकर खरोखर वाईट वाटून म्हणाले.

तेव्हापासून शैलजाबाई आजारी पडल्या नाहीत. आणखी एक गोष्ट त्यांनी केली, ती म्हणजे आल्यागेल्याला चहा विचारणं बंद केलं. आपल्या घरचा चहा प्यायलेल्या माणसाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यामुळे माणूस ओठ कोरडे घेऊन यायचा आणि तसाच जायचा. शाहूपुरीत बोभाटा झाला की वाटेगावकरांची बाई भलतीच चिक्कू आहे. होऊ दे, त्या म्हणायच्या. नवरा शाबूत राहिला म्हणजे झालं.

आणि तो राहिला. कितीतरी वर्षं राहिला. बँकांचे लोक आले, कारखान्यांचे आले, एकदा तर मुंबईहून सहा जण कोट घालून आले. प्रत्येकाचं सुरुवातीचं वाक्य तेच, "एकच छोटीशी गोष्ट होती." शैलजाबाई दारातच उभ्या राहून मान हलवत. संध्याकाळी अच्युतराव अंगणात झोपाळ्यावर बसून एक जुनी चाल शिट्टीवर वाजवत, मध्येच थांबून त्यांना हाक मारत, आणि सगळ्या जिल्ह्यांचं घेतलं-बघितलं-दिलं ओठांच्या कोपऱ्यातून बिनबोभाट चालू असे.

आता कोणाला वाटेल की असं भक्कम दार कोणी मोठ्या माणसानं फोडलं असेल. छे. दार फोडलं विहीणबाईंनी.

लेक ऋजुता कोल्हापूरला इनामदारांकडे दिलेली. तिच्या सासूबाई, सुलभाताई, लग्नकार्यातल्या जेवणावळींची कंत्राटं घेत. मोठा पसारा होता आणि तो चौथऱ्यावरच चालायचा. त्या एका गुरुवारी फोन न करता आल्या. विहीण दारात आल्यावर तिला उभ्या उभ्या वाटेला लावायची पद्धत आपल्याकडे नाही. शैलजाबाईंनी पाट मांडला, पुरण घातलं, ओटीसाठी खण काढला. घरात कित्येक वर्षांनी परक्या माणसासाठी चहा उकळला.

जेवता जेवता सुलभाताई म्हणाल्या, "तशी मी कधी काही मागत नाही हो. लग्नात तुम्ही दिलेली साडी हलकी होती, मी शब्द काढला नाही."

"नाही, तुम्ही कधीच बोलला नाहीत," शैलजाबाई म्हणाल्या.

"एकच छोटीशी गोष्ट होती. पंगतीचा क्रम. आधी कोणाला वाढायचं, मग कोणाला, मानाचं पान कोणाचं. दर वेळी त्या व्हरांड्यातल्या माणसाला जोडून घ्यायचं म्हणजे कटकट. मागच्या महिन्यात एका मुलाच्या मामाला दुसऱ्या पंगतीत बसवलं, तर मांडवात केवढा तमाशा. ते मानपान तेवढं आत घेतलं व्याह्यांनी, तर माझं काम सोपं होईल."

अच्युतरावांनी शैलजाबाईंकडे बघितलं. शैलजाबाईंच्या मानेला एक हिसका द्यायचा होता, बस. तो दिला की झालं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर ऋजुता आली. त्या घरात पोरीला उभा जन्म काढायचा होता. सासूनं मागितलेलं आईनं नाकारलं, तर ते पोरीला रोज ऐकावं लागणार, भाजी निवडताना, सणावाराला, पोराच्या बारशाला. शैलजाबाईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. खाली मान घालून ताटातलं पुरण कालवत राहिल्या. अच्युतरावांना ती खाली गेलेली मान होकाराची वाटली.

"चालेल की," ते म्हणाले. "विहीणबाई काय परक्या आहेत का?"

झालं. मानपान गाभ्यात गेलं.

गाभ्यात गेलं म्हणजे नुसत्या इनामदारांच्या पंगतीत गेलं नाही, हे ध्यानात घ्या. गाभ्यात जे जातं ते सगळीकडं जातं. शुक्रवारी सकाळपासून अख्ख्या मुलखात ज्याचं त्याला देण्याआधी अच्युतराव मान बघू लागले. पाहुणा आधी, जावई त्याच्या आधी, मुलाकडचे मुलीकडच्यांच्या आधी, आणि घरचे सगळ्यांत शेवटी. दूध संघात जावयाचं दूध आधी मापलं जाऊ लागलं. वाचनालयात एक कादंबरी मुलाकडच्यांसाठी राखून ठेवली गेली, लग्न कोणाचंच नसताना. इस्पितळात अपघाताचा रोगी स्ट्रेचरवर कण्हत पडला होता आणि आधी आत गेला कोणाचातरी थोरला मेहुणा, ज्याला नुसता खोकला होता. आणि एखाद्याला मान कमी मिळाला की तो रुसून बसायचा. तो रुसला की त्याच्या मागचं सगळं अडायचं.

हर्डीकर साहेब धावत आले. काढता तर येत नव्हतं, कारण दोनच दिवसांत लोक मानपानाला सरावले होते आणि ते नसेल तर आमची कामं घेऊ नका म्हणत होते. मग त्यावर उपाय म्हणून अपघाताच्या रोग्याला सूट देणं आत घालावं लागलं. सूट खरी की खोटी ते तपासणं घालावं लागलं. रुसलेल्यांची समजूत काढणं घालावं लागलं. या प्रत्येक वेळी शैलजाबाई दारात होत्या आणि प्रत्येक वेळी त्यांना मान हलवता आली नाही, कारण नाही म्हणावं तर कोणीतरी स्ट्रेचरवर पडलेलं.

आणि बाकीचे थोडेच गप्प बसणार. सहकारी बँकेचे कदम म्हणून एक गृहस्थ होते. त्यांना शैलजाबाईंनी आजवर आठ-दहा वेळा तरी परत पाठवलं असेल. ते आले आणि सरळ ओसरीवर मांडी घालून बसले.

"वहिनी, आम्ही कधी वाद घातला नाही. तुम्ही नाही म्हणायचा, आम्ही जायचो. वाटायचं, नियम सगळ्यांना सारखा आहे. आता विहिणीला हो आणि आम्हाला नाही, हे बरं दिसतं का?"

बरं दिसत नव्हतंच. शैलजाबाईंनी अच्युतरावांकडे वळून मान हलवली, पण ती नेहमीसारखी हलली नाही, आणि अच्युतरावांनी कदमांना बसवून घेऊन त्यांची बँकेची एक भानगड आत घेतली. कदमांच्या मागोमाग कारखान्याचे आले, त्यांच्यामागून मुंबईचे कोट. ‘त्यांचं घेतलंत मग आमचं का नाही’ एवढंच म्हणायचं असे.

अच्युतरावांच्या शिट्टीतली चाल गेली. पहिल्यांदा मधला तुकडा गेला, मग सगळीच. ते झोपाळ्यावर ओठांचा चंबू करून बसायचे आणि नुसती हवा बाहेर यायची. कऱ्हाडचा रस्ता गेला. मीठ कमी की जास्त ते कळेनासं झालं. आईचा चेहरा गेला, तेव्हा त्यांनी भिंतीवरचा फोटो उतरवून आणला आणि ही बाई कोण, कोणाची आहे, परत द्यायला हवी, असं म्हणून तो व्हरांड्यात नेऊन ठेवला. मग एका रविवारी लेकीचा फोन आला. ते बराच वेळ नम्रपणे बोलले आणि शेवटी म्हणाले, "नाव काय म्हणालात आपलं?" पलीकडून ऋजुतानं फोन ठेवला नाही. ती तशीच रडत राहिली आणि अच्युतराव तसेच फोन कानाला लावून आदरानं ऐकत राहिले. शैलजाबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला तेव्हा त्यांना स्वतःचा इतका राग आला की भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. ज्या पोरीसाठी खाली मान घातली, तीच पोर यातून गेली होती.

त्यानंतर अच्युतरावांना घाम यायला लागला. पूर्वी आपसूक व्हायचं ते आता ढकलून करावं लागे. एखादी गोष्ट यायची, ती घ्यायची, पण कोणाची ते बघायच्या आधी मान बघा, सूट बघा, बँकेची ती भानगड बघा, समजूत काढा. ओठांच्या कोपऱ्यात चालणारं काम सगळ्या तोंडावर आलं. ते मोठमोठ्यानं पुटपुटत, धापा टाकत. आणि मग चुकायला लागले. फलटणच्या एका बाईंच्या छातीचा एक्स-रे वाईच्या वाचनालयात गेला आणि वाचनालयानं तो आठ दिवसांनी परत मागितला.

हर्डीकर साहेब गाभा समिती घेऊन घरी आले. समिती म्हणजे ते स्वतः आणि दोन सभ्य माणसं, जी फारसं बोलत नसत. ते सगळे बैठकीच्या खोलीत बसले. अच्युतराव खुर्चीत, पांढरेफटक.

"वहिनी, स्पष्टच बोलतो," हर्डीकर म्हणाले. "मूळची तीन कामं आता सुटायला लागली आहेत. ती सुटली की गाभा थांबतो. आणि गाभा थांबला की..." त्यांनी अच्युतरावांच्या छातीकडे बघितलं.

"मग काढा काहीतरी," शैलजाबाई म्हणाल्या.

"तेच बघायला आलोय."

दुपारभर समितीनं अच्युतरावांच्या आत काय काय आहे ते बघितलं. प्रत्येक गोष्टीपाशी थांबून एकच प्रश्न विचारला जाई, यावर कोण विसंबून आहे. मानपानावर सगळा महाराष्ट्र. तारखांवर इस्पितळं. कदमांच्या भानगडीवर निम्म्या बँका. रुसलेल्यांच्या समजुतीवर तर मोजायला नकोच. एकेक गोष्ट ते हळूच जागच्या जागी ठेवून देत. दिवेलागणीच्या सुमारास दोघा सभ्य माणसांतला एक जण पहिल्यांदा बोलला. हर्डीकरांच्या कानात बोलला.

"एक गोष्ट सापडली आहे," हर्डीकर म्हणाले. "बरीच मोठी आहे. बाकी सगळं मिळून जेवढी जागा अडवतं, त्याहून जास्त ती एकटी अडवते. आणि तिच्यावर बाहेरच्या कोणाचंच काही विसंबून नाही."

"मग काढा की. विचारताय काय?"

"तुम्ही आहात, वहिनी."

शैलजाबाईंना आधी नीट कळलंच नाही. मग कळलं, आणि कळल्याबरोबर जे वाटलं त्याची त्यांना नंतर लाज वाटत राहिली. त्यांना आनंद झाला. बाकी सगळं मिळून जेवढं, त्याहून जास्त. पोहणं गेलं, आई गेली, पोटची पोर गेली, आणि या माणसानं आपल्याला मात्र कोपऱ्यात घट्ट धरून ठेवलं होतं. तीस वर्षांत एकदाही बोलून दाखवलं नाही. मग तो आनंद जागीच विरला आणि त्यांना रडू कोसळलं. समितीची माणसं सभ्यपणे खिडकीतून बाहेर बघत राहिली.

"दुसरं काही नाहीच?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"सगळ्याला कोणी ना कोणी आहे. तुम्हाला तेवढे हेच."

अच्युतराव धापा टाकत होते. हर्डीकर त्यांच्यासमोर वाकले आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "अच्युतराव, यांना बाहेर काढायचं आहे. तुमची परवानगी?"

अच्युतरावांनी नेहमीप्रमाणे शैलजाबाईंकडे बघितलं.

आयुष्यभर शैलजाबाईंनी या नजरेला एकच उत्तर दिलं होतं आणि त्या उत्तरावर हा माणूस जगला होता. त्यांनी पदर सावरला, आणि यावेळी स्पष्ट दिसेल अशी, चुकूनही दुसरं काही वाटणार नाही अशी होकाराची मान हलवली.

"ही हो म्हणतेय," अच्युतराव म्हणाले.

काम पाच मिनिटांत झालं. अच्युतरावांच्या चेहऱ्यावर रंग आला, खांदे खाली आले, धाप लागली होती ती थांबली. ओठ पुन्हा जेमतेम हलू लागले. ते खुर्चीतून उठले, आळस दिला, आणि समोर उभ्या असलेल्या बाईंना बघून अदबीनं हात जोडले. शैलजाबाईंनीही जोडले. मग त्या व्हरांड्यात गेल्या, कारण गाभ्यातून काढलेली गोष्ट टाकून देत नाहीत, ती पूरक होते. लेलेबाईंच्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती. ज्याला लागतील त्यानं शैलजाबाईंना जोडून घ्यावं, असं हर्डीकरांनी सगळ्यांना कळवलं. कोणालाच लागत नव्हत्या. लेलेबाईंनी विणकाम बाजूला ठेवून त्यांचा हात हातात घेतला.

सकाळी शैलजाबाईंना गलबल्यानं जाग आली. पुढच्या अंगणात माणसंच माणसं होती. गाभ्यात जागा झाल्याची बातमी फुटली होती, आणि तीही साधीसुधी नाही, निम्म्याहून जास्त जागा. सगळ्यांत पुढं कदम होते.

"एकच छोटीशी गोष्ट होती," कदम म्हणत होते.

शैलजाबाई तशाच धावत पुढच्या दारात गेल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहून त्यांनी मान हलवली. कदमांनी त्यांच्याकडे बघितलं आणि सवयीनं एक पाऊल मागं घेतलं. पण अच्युतराव कदमांकडेच बघत होते. त्यांनी दुसरीकडे कुठं बघितलंच नाही.

"या ना, बसा," अच्युतराव म्हणाले. "उभे का?"

"नाही म्हणतेय मी," शैलजाबाई म्हणाल्या.

अच्युतराव वळले. त्यांची नजर स्वच्छ होती, अनोळखी माणसाबद्दल जेवढी माया असावी तेवढी तीत होती. "बाई, आपण कोण?"

"पूरक," त्या म्हणाल्या.

"मग मागं सावलीत बसा. इथं ऊन येतं."

आणि कदमांची गोष्ट आत गेली. शैलजाबाईंनी हर्डीकरांना फोन लावला. ते म्हणाले, "आमचं चुकलंच. तुमच्यावर बाहेरचं कोणी विसंबून नाही एवढंच आम्ही बघितलं. आतलं कोण विसंबून आहे ते बघायचं राहिलं." पण आता काही करता येणार नाही, ते म्हणाले. गाभ्यात परत जायचं असेल तर सगळ्यांसारखं रांगेत उभं राहून मागावं लागेल.

यात मात्र शैलजाबाईंना थोडी आशा वाटली. अच्युतरावांना कोणालाच नाही म्हणता येत नव्हतं. म्हणजे त्यांनाही ते नाही म्हणणार नव्हते. फक्त जागा उरलेली असताना आपला नंबर लागायला हवा. त्या अंगणात गेल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. रांग सरकली. दुपारी त्या अच्युतरावांसमोर पोचल्या.

"एकच गोष्ट होती," त्या म्हणाल्या. छोटीशी म्हणवलं नाही. "मला आत घ्या."

"घेऊ की," अच्युतराव म्हणाले. "आपण कोणाकडच्या?"

क्षणभर त्यांच्या मनात आलं, मुलाकडची म्हणावं, लांबून आलेली पाहुणी म्हणावं. कोण तपासणार होतं. पण त्या अंगणात, त्या माणसासमोर उभं राहून ते त्यांच्या तोंडून निघेना.

"मी इथलीच," त्या म्हणाल्या. "घरची."

"हां, मग थोडं थांबा," अच्युतराव हळुवारपणे म्हणाले. "घरच्यांनी शेवटी असतं. ही पाहुणे मंडळी होऊन जाऊ द्या."

शैलजाबाई बाजूला झाल्या. त्यांच्यामागं उभे असलेले कारखान्याचे लोक पुढं सरकले. संध्याकाळपर्यंत मुंबईची गाडी आली, मग नागपूरची. फाटकातून आलेला प्रत्येक जण पाहुणा होता आणि शैलजाबाई प्रत्येकाला वाट करून देत एकेक पाऊल मागं जात होत्या. कोणीतरी त्यांना विचारलं, शेवटचं कोण आहे. मी आहे, त्या म्हणाल्या, तुम्ही पुढं व्हा.